भिंतीवरच्या बॉयलरचा आवाज कमी करायचाय? आधी ही तयारी करा

घर गरम ठेवणारा गॅस बॉयलर आवाज करत असेल, तर तो आणि भिंत यांच्यामध्ये बसवायचे रबरी पॅड आणायला धावण्याआधी आवाज नेमका कुठून कुठे जातो ते शोधा. सगळ्या तयारीत जास्तीत जास्त वेळ इथेच द्यावा, असं माझं ठाम मत आहे. बॉयलर चालू असताना आधी भिंतीवर तळहात ठेवा, मग पाइपांवर. गरम पाइपवर जाड फडकं धरूनच. पलीकडच्या खोलीत जाऊन त्याच भिंतीला कान लावा. भिंत थरथरत असेल तर कंपन बोल्टांमधून किंवा पाइपांमधून शिरतंय, आणि मग बॉयलरभोवती फोम लावून काहीच साधत नाही. उलट हवेची वाट आणि दुरुस्तीची जागा मात्र अडते.

आवाज कसा आहे तेही लिहून ठेवा. एकसुरी गुणगुण बहुधा पंपाची किंवा पंख्याची असते. खळखळ म्हणजे पाण्यात हवा अडकलेली. किटली उकळताना होतो तसा घोंघाट आतल्या भागात क्षार साचल्याचं लक्षण. बॉयलर चालू-बंद झाल्यावर टकटक येत असेल तर पाइप तपासा: तांब्याचा ५ मीटर पाइप ५० अंशांनी तापला की सुमारे ४ मिलिमीटर वाढतो. भिंतीतल्या भोकात तो घट्ट बसलेला असेल तर घासत, आवाज करतच सरकणार. भोक थोडं मोठं करून मऊ नळीचं अस्तर आणि आतून रबर असलेले क्लॅम्प, एवढं पुरतं.

साध्या गोष्टी आधी उरका. रेडिएटरमधली (खोली गरम करणाऱ्या, गरम पाण्याच्या पॅनेलमधली) हवा काढा, नंतर पाण्याचा दाब माहितीपुस्तिकेप्रमाणे आहे ना ते पाहा (थंड असताना बऱ्याच बॉयलरना १ ते १.५ बार लागतो), पंपाचा वेग कमी करता येतो का ते तंत्रज्ञाला विचारा.

एवढ्यावर भागलं नाही तरच बॉयलरमागे रबर. त्यासाठी पाण्यासकट बॉयलरचं वजन आणि भिंत विटांची आहे की जिप्सम बोर्डाची, हे हाताशी हवं. रबर फार कडक असेल तर कंपन सरळ पार जातं. चुकीचं निवडलं तर कंपन वाढूही शकतं. रबराच्या जाडीइतके लांब आणि तेवढं वजन पेलणारे बोल्ट लागतील. खरी गोम पाइपांत आहे. बॉयलर रबरावर टांगला आणि पाइप मात्र भिंतीत ताठ आवळलेले राहिले, तर कंपन त्या वाटेने जातच राहतं. म्हणून पाण्याच्या पाइपांना, गरम पाण्यासाठीच बनवलेल्या लवचिक नळीचा छोटा तुकडा जोडायची सोय आधीच ठरवा.

बॉयलर भिंतीपासून थोडा जरी पुढे आला, तरी धूर नेणारी नळी आणि गॅसचा जोड दोन्ही सरकतात. धूर घरात गळला तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. हे काम, आणि झाकण उघडणंसुद्धा, परवानाधारक गॅस तंत्रज्ञाकडेच द्या. कित्येक बॉयलरमध्ये पुढचं झाकण हाच ज्वलनकक्षाच्या (गॅस जळतो त्या कप्प्याच्या) सीलचा भाग असतो. तंत्रज्ञ येण्याआधी फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागेवरून पुन्हा करा. एका वेळी एकच बदल.