स्टिकर शेवटी वाचा: रॉकचे ऑडिओफाइल रीइश्यू निवडताना मी काय बघतो

माझ्या कपाटात एकाच अल्बमच्या चार प्रती आहेत, सगळ्या व्हिनाइल रेकॉर्ड. त्यांतल्या दोन ऑडिओफाइल रीइश्यू, म्हणजे आवाजाच्या दर्दींसाठी पुन्हा काढलेल्या आवृत्त्या, मी निव्वळ कव्हरवरच्या सोनेरी स्टिकरला भुलून घेतल्या. घरचे विचारतात, गाणी तीच ना? हो, तीच. पण आवाज तोच नसतो, आणि कोणत्या प्रतीचा आवाज चांगला असेल हे कव्हर बघून कळत नाही. एवढं उमगायला मला बरीच वर्षं आणि बरेच पैसे लागले.

'१८० ग्रॅम' हा आकडा आधी डोक्यातून काढा. साधी रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड रेकॉर्ड हातात घेतली की भारदस्त वाटते, यात शंका नाही. ती वाकडी होत नाही असंही म्हणतात, पण माझ्याकडच्या दोन झाल्यात. सुई चालते ती खाचेत, आणि खाच दोन्हींत सारखीच. खाली प्लास्टिक किती आहे याच्याशी सुईला काही देणंघेणं नसतं. 'रीमास्टर्ड' (जुन्या ध्वनिमुद्रणावरून आवाज नव्याने तयार केलेला) या शब्दाचंही तसंच. कोणी केलं आणि कशावरून केलं हे सांगितलेलं नसेल, तर त्या शब्दाला काही अर्थ नाही.

मी तीन गोष्टी शोधतो: आवाज कुठून घेतला, खाच कोणी कापली आणि रेकॉर्ड कुठे दाबली.

पहिल्या प्रश्नासाठी बीटल्सचं उदाहरण देतो. २०१२ मध्ये त्यांचे स्टिरिओ अल्बम १८० ग्रॅमवर आले, ते डिजिटल फाइलवरून कापलेले होते. २०१४ मध्ये मोनो अल्बम आले. तेही १८० ग्रॅमचेच, पण ते थेट टेपवरून, मध्ये संगणक न आणता, जुन्या नॉयमन लेथवर, म्हणजे खाच कापणाऱ्या यंत्रावर, कापले. बँड तोच, वजन तेच, मध्ये जेमतेम दोन वर्षं. पण रेकॉर्ड तयार करण्याची रीत पार वेगळी. हा फरक नुसत्या वजनाच्या आकड्यावरून कधीच कळला नसता.

थेट टेपवरून कापणं वाटतं तितकं सोपं नाही. पुढे मोठा आवाज येणार असेल तर लेथला ते आधीच कळावं लागतं, म्हणजे त्याला दोन खाचांमध्ये जागा सोडता येते. त्यासाठी टेप मशीनला एक जास्तीचं हेड लागतं, जे टेप थोडी आधी 'वाचून' ठेवतं. अशी मशीन थोड्याच ठिकाणी शिल्लक आहेत. बाकी ठिकाणी हे काम डिजिटल डिले करतो, म्हणजे आवाज जरा थांबवून मग पुढे सोडणारं डिजिटल यंत्र. म्हणजे टेपवरून कापलेल्या रेकॉर्डमध्येही आवाज डिजिटलमधून फिरून आलेला असू शकतो. म्हणून 'मूळ टेपवरून' एवढ्या दोन शब्दांवर थांबू नका. कापण्याची सगळी साखळी अॅनालॉग आहे, म्हणजे मध्ये कुठेच डिजिटल पायरी नाही, असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा.

आता उलट बाजू. जुलै २०२२ मध्ये बाहेर आलं की मोबाइल फिडेलिटी ही रीइश्यू काढणारी नावाजलेली कंपनी कित्येक वर्षं आपल्या बऱ्याच रेकॉर्डसाठी मध्ये डीएसडी ही डिजिटल पायरी वापरत होती. ग्राहक त्या रेकॉर्ड शुद्ध अॅनालॉग समजून ऐकत होते. प्रकरण कोर्टात गेलं. मीही त्या ग्राहकांतलाच. त्यांची एक रेकॉर्ड लावून मी पाहुण्यांना 'याला म्हणतात टेपचा आवाज' असं सुनावलं होतं. बातमी वाचल्यावर ती रेकॉर्ड पुन्हा लावली, तर आवाज तितकाच सुंदर होता. तेव्हापासून डिजिटल म्हटलं की नाक मुरडणं मी सोडलं. लपवाछपवी मात्र चालणार नाही. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओचा माइल्स शोवेल हाफ-स्पीड कटिंग (निम्म्या वेगाने खाच कापणं) करतो ते डिजिटल फाइलवरून, आणि तसं उघड सांगतो. हे मला चालतं.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्याला डेडवॅक्स म्हणतात. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. तिथे नंबर कोरलेले दिसतील, आणि नशीब असेल तर कापणाऱ्याची आद्याक्षरं. 'आरएल' म्हणजे बॉब लडविग, 'बीजी' म्हणजे बर्नी ग्रुंडमन, 'सीबी' म्हणजे ख्रिस बेलमन, 'केपीजी' म्हणजे केविन ग्रे. जुन्या ब्रिटिश रेकॉर्डवर 'पोर्की प्राइम कट' असं खोडकर काहीतरी दिसलं, तर तो जॉर्ज पेकम. माझ्या त्या सोनेरी स्टिकरवाल्या दोन प्रतींवर नुसता छापील नंबर आहे. काम कोणाचं, ते आजवर कळलेलं नाही.

कापणाऱ्याने किती फरक पडतो ते 'लेड झेपलिन २' या अल्बमवरून कळतं. १९६९ मध्ये लडविगने तो असा दणदणीत कापला की साध्या प्लेअरवर सुईच उड्या मारायला लागली. हे कळल्यावर अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीने तो बास कमी करून पुन्हा कापायला लावला, असं लडविगने स्वतः सांगितलंय. टेप तीच होती. आज लोक जुन्या रेकॉर्डच्या ढिगाऱ्यात 'आरएल' शोधत बसतात.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे डेडवॅक्सचा फोटो मागा. नवीन सीलबंद प्रत असेल तर डिस्कॉग्स या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या पानावर हे नंबर बहुधा असतात. लोक ऑनलाइन डायनॅमिक रेंजचे (हळू आणि मोठ्या आवाजातल्या फरकाचे) आकडेही टाकतात. त्यांच्या नादी लागू नका. एकाच डिजिटल मास्टरवरून निघालेल्या सीडी आणि रेकॉर्डमध्ये रेकॉर्डचा आकडा मोठा दिसू शकतो, आणि तेवढ्यावरून ती जास्त मोकळी आहे असं ठरत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं थोडक्यात. लॅकरवर (मऊ लेप दिलेल्या मूळ तबकडीवर) खाच कापली की त्यावरून धातूचा साचा, त्यावरून 'मदर', आणि मदरवरून 'स्टँपर' काढतात, जो प्रत्यक्ष रेकॉर्ड दाबतो. 'वन-स्टेप'मध्ये मधल्या पायऱ्या गाळतात, त्यामुळे एका लॅकरमधून थोड्याच प्रती निघतात आणि दर चढतो. कॅन्ससच्या सलायना गावातलं क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज आणि जर्मनीतली पलास व ऑप्टिमल ही रेकॉर्ड दाबणाऱ्या कारखान्यांची नावं दिसली की मी निश्चिंत असतो. पूर्ण नाही, बराचसा.

बऱ्याच महागड्या आवृत्त्या ४५ आरपीएमवर (मिनिटाला ४५ फेरे; नेहमीचे ३३⅓) दोन रेकॉर्डमध्ये येतात. हे नुसतं फॅड नाही. ३३⅓ वर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त २१. तीच माहिती निम्म्याहून कमी जागेत कोंबलेली, म्हणून शेवटच्या गाण्यात 'स' आणि झांजा फाटतात. ४५ वर आतल्या टोकालाही २८ मिळतात. शिवाय एका बाजूवर गाणी कमी असल्याने अगदी आतपर्यंत जावंच लागत नाही.

रेकॉर्ड घरी आली की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. आधी धुवा, नवी असली तरी. कागदी पाकिटाची धूळ आणि स्टॅटिक दोन्ही असतात. मग वाजवताना टोनआर्मकडे, म्हणजे सुईच्या दांड्याकडे, समोरून बघा. तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक मधोमध पडलेलं नाही, आणि पियानोचे लांब सूर हेलकावे खातील. दर १.८ सेकंदांनी तोच आवाज येत असेल, तर दोष त्या फेऱ्यातच आहे, कारण ३३⅓ वर एक फेरा तेवढाच. चेन ओढल्यासारखी झर्रकन खरखर येत असेल तर ते 'नॉन-फिल': प्लास्टिक खाचेत नीट भरलंच नाही. तिरक्या उजेडात तिथे मळकट पट्टा दिसतो. तो धुऊन जात नाही. 'चार वेळा वाजवलं की जाईल' असं कोणी म्हणालं तरी रेकॉर्ड परत करा.

जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून ऐकणार असाल, तर आवाजाची पातळी आधी सारखी करा. फोनवरचं डेसिबल मोजणारं अॅप पुरतं. एखाद्या डेसिबलने मोठी असलेली प्रत कानाला नेहमी 'जिवंत' वाटते. यात मी भल्याभल्यांना फसताना पाहिलंय, स्वतःला धरून. रेकॉर्ड दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून बसा. पहिलं गाणं सगळ्याच प्रतींवर बरं वाजतं, तेव्हा बाजूचं शेवटचं ऐका. फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स' असेल तर दुसऱ्या बाजूचं 'गोल्ड डस्ट वुमन', अगदी लेबलाला टेकलेलं. त्यातला स्टीव्ही निक्सचा 'स' स्वच्छ आला, तर बाकीची बाजू ऐकायची गरजच नाही.

'रूमर्स'ची २०११ ची ४५ आरपीएमची जोडी स्टीव्ह हॉफमन आणि केविन ग्रे यांनी कापलेली. ती माझ्याकडच्या सगळ्या रेकॉर्डपेक्षा स्वच्छ वाजते. पण दर तीन-एक गाण्यांनी उठावं लागतं. त्यामुळे एकटा असलो की ती. गप्पा रंगल्या असतील तर १९७७ ची, कोपरे झिजलेली, मधूनच टकटक करणारी.