ग्रासकटरचं टूटी ऑइल : बेणणीआधी या चुका टाळा

श्रावण लागला की माझ्या बाकड्यावर बंद पडलेले ग्रासकटर जमायला लागतात. उघडून बघितलं की बहुतेकांचं दुखणं एकच निघतं, पेट्रोलात घातलेलं ऑइल. ग्रासकटरचं इंजिन बहुधा दोन स्ट्रोकचं असतं, आणि त्याच्या पेट्रोलात मिसळायच्या ऑइलला टूटी (2T) म्हणतात. मशीनसाठी हजारो रुपये मोजणारी माणसं ऑइलच्या डब्यावर पैसे वाचवायला बघतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त मशीन खाल्ली ती बाईकच्या 20डब्ल्यू40 ऑइलने. एक तरुण मुंबईची नोकरी सोडून गावी आला, कलमांची बाग करायला घेतली, नवा कटर आणला. ऐन बेणणीत, म्हणजे बागेतलं गवत काढायच्या वेळी, टूटी संपलं. तालुक्याला कोण जाणार, म्हणून घरात उरलेलं बाईकचं ऑइल त्याच मापाने घातलं. चार दिवस मशीन चाललं, तिथेच तो फसला. पाचव्या दिवशी ताकद गेली, सहाव्या दिवशी दोरी ओढेना. मी सिलिंडर काढला तर रिंग खाचेत चिकटलेली, एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर उभे ओरखडे, सायलेन्सरचं तोंड काजळीने अर्धं बुजलेलं. सिलिंडर-पिस्टनचा सेट बदलावा लागला. तो येईपर्यंत बागेत गवत कमरेएवढं झालं.

बाईकसारख्या चार स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल खाली साठून फिरत राहतं, जळत नाही. म्हणून त्यात कॅल्शियम, जस्त असलेली रसायनं चालतात. दोन स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलाबरोबर आत जातं, बेअरिंग-पिस्टन ओले करतं आणि जळून बाहेर पडतं. तिथे त्या रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. शिवाय टूटी पेट्रोलात चटकन विरघळेल असं बनवलेलं असतं. बाईकचं ऑइल तितकं चटकन मिसळत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडची मंडळी होडीच्या मशीनचं टीसी-डब्ल्यू 3 ऑइल आणतात. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. आपला कटर हवेवर थंड होतो, जास्त तापतो. डब्यावर जासो (JASO, टूटी ऑइलची प्रत सांगणारं जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेलं बघून घ्या, मी स्वतः एफडीच वापरतो. निळा, हिरवा, लाल हा नुसता रंग असतो, त्यावरून प्रत ठरत नाही.

माप अंदाजाने घालू नका. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40. “थोडं जास्त घातलं तर बरंच” हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि ते चूक आहे. ऑइल वाढलं की त्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं, इंजिन उलट जास्त तापतं आणि काजळी धरते ती वेगळीच. माझ्याकडे 50 मिलीची सिरिंज फक्त याच कामाला आहे. कॅनमध्ये आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. मशीनच्या टाकीत थेट ऑइल ओतणाऱ्यांना मी दुकानातच थांबवतो. एवढी दोन मिनिटं ज्याला नाहीत त्याने मशीन हातात घेऊ नये.

गेल्या गणपतीतलं मिश्रण यंदा वापरू नका. पंपावरच्या पेट्रोलात आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं. पावसाळ्यात सैल झाकणातून पाणी शिरलं आणि मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल पाण्यासकट तळाशी बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच असतो, म्हणजे इंजिन ऑइलविना ओढतं. मी पंधरा दिवसांत संपेल एवढंच बनवतो.

इंजिनाला ऑइलचं वेगळं झाकण असेल तर ते चार स्ट्रोक आहे, त्याच्या पेट्रोलात काहीही मिसळू नका.

दसऱ्यानंतर मशीन ठेवताना टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटर कोरडा होऊन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढं करूनही बिघडलंच, तर माझ्याकडे येताना तुमच्या कॅनमधलं थोडं मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यातून आणा. प्लग काढायच्या आधी मी ते बघतो.