लायसन्स काढताना आजार लपवू नका. या चुका टाळा

वडिलांचं लायसन्स रिन्यू करायचं होतं. एजंटने फॉर्म भरूनच आणला, फक्त सही बाकी होती. चक्कर, बेशुद्धी, रातांधळेपणा, सगळ्यापुढे 'नाही'. वडील इन्सुलिन घेतात. त्या वर्षात दोनदा त्यांची शुगर एकदम उतरली होती, हात थरथरले होते, दरदरून घाम सुटला होता. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

पहिली चूक ही. फॉर्म १ हे तब्येतीबद्दलचं तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापन असतं, एजंटचं नव्हे. खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली रद्द होऊ शकतं. गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असा आजार ठाऊक असूनही चालवली, तर कलम १८६ प्रमाणे पहिल्यांदा १,००० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम किरकोळ वाटेल. पण समोरून शाळेची मुलं येत असताना चक्कर आली तर काय, हा विचार करून बघा.

चाळिशी ओलांडलेल्यांना आणि रिक्षा, ट्रक, टॅक्सीसारखं व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांना फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, सुद्धा लागतं. तेही अनेक जण तपासणी न करताच सही-शिक्का मारून घेतात. आम्ही वडिलांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, दोन्ही प्रसंग सांगितले. त्यांनी इन्सुलिनची मात्रा बदलली, काही आठवडे शुगरची नोंद ठेवायला लावली आणि मगच सही केली. आता वडील गाडी काढण्याआधी शुगर तपासतात. ९० च्या खाली असली तर आधी काहीतरी खातात. ७२ च्या खाली असली तर किल्लीला हात लावत नाहीत. हे आकडे ब्रिटनमधल्या चालकांसाठीच्या नियमांतले आहेत, पण शरीर इथून तिथून सारखंच.

सगळ्यात अवघड प्रश्न फिट येण्याचा, म्हणजे आकडीचा. अपस्माराचा त्रास आहे का, एवढंच आपला फॉर्म विचारतो; शेवटची फिट कधी आली, हे विचारत नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे वर्षभर फिट आली नाही तर खासगी कार चालवता येते. आपल्याकडे अशी मुदत लिहिलेली नाही. त्यामुळे दहा वर्षांत एकदाही फिट न आलेला माणूसही अडकतो. हा अन्याय आहे आणि नियम बदलायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पण म्हणून 'नाही' लिहू नका. त्याहून वाईट चूक म्हणजे 'गोळ्या चालू दिसायला नकोत' म्हणून त्या परस्पर बंद करणं. बंद झालेली फिट त्याने परत येऊ शकते. न्यूरोलॉजिस्टकडून शेवटच्या फिटची तारीख आणि चालू औषधं लिहून घ्या आणि ते पत्र अर्जासोबत द्या. लायसन्स मिळेलच असं नाही, पण खरं काय ते कागदावर राहील.

याच्या उलट चूकही तितकीच होते: लायसन्स मिळू शकणारा माणूस अर्जच करत नाही. चष्मा असला तरी चालतं. चष्म्यासह २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता आली पाहिजे. सौम्य किंवा मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना जून २०२० पासून लायसन्स मिळतं, तीव्र असेल तर नाही. म्हणून ठिपक्यांतले आकडे वाचता आले नाहीत तर खचू नका, प्रमाण किती आहे ते नेत्रतज्ज्ञांकडून लिहून आणा. कर्णबधिरांना अर्ज करण्याचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मोकळा केला. पायात पोलिओ असेल तर बदल करून घेतलेल्या गाडीपुरतं लायसन्स मिळतं. मात्र साइड व्हील लावून घेतली आणि आरसीवर नोंदच केली नाही, असं करू नका.

'लायसन्सची तारीख आहे ना, मग झालं' हाही गैरसमज आहे. पंचविशीत काढलेलं लायसन्स थेट चाळिशीपर्यंत चालतं. मधल्या पंधरा वर्षांत मोतीबिंदू झाला, पक्षाघाताचा झटका येऊन गेला, तरी आपणहून कुणी विचारायला येत नाही. पण चालकाच्या प्रकृतीबद्दल सबळ शंका असेल तर कलम १६ प्रमाणे आरटीओ केव्हाही वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतं, लायसन्स रद्दही करू शकतं. मोठं आजारपण झालं की पुन्हा गाडी कधी चालवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि अर्ज नाकारला गेलाच, तर दुसरा एजंट गाठून नवा अर्ज टाकू नका. नकाराची कारणं लेखी मागा. ती देणं कलम १७ प्रमाणे बंधनकारक आहे. तो आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, तेव्हा तपासणीचे कागद त्याच आठवड्यात गोळा करायला लागा.