कोकणातील वाडीत मुलांसाठी भुतांच्या गोष्टींची रात्रफेरी कशी काढावी

मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमान्यांची मुले गावी आली, की तिसऱ्या-चौथ्या रात्री वीज जाते आणि ओटीवर बसलेल्या आजीकडे भुताच्या गोष्टीची मागणी होते. गोष्ट घरात बसून ऐकणे निराळे आणि ज्या पाणंदीत, ज्या तिठ्यावर, ज्या पिंपळाखाली ती घडली असे सांगतात तिथे अंधारात उभे राहून ऐकणे निराळे. गेली काही वर्षे मी मालवण तालुक्यातील आमच्या वाडीत घरातील आणि शेजारची मुले घेऊन अशी फेरी काढते. ती काढताना काय सांभाळावे लागते, हे मी चुका करतच शिकले. हाच बेत आखणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला नियम गोष्टींच्या निवडीचा आहे आणि बाकीच्या सगळ्या तयारीपेक्षा तो मोठा आहे. ज्या भुताच्या तावडीतून सुटण्याची युक्ती गोष्टीतच सांगितलेली आहे, तेच भूत मुलांसमोर आणावे. सुदैवाने कोकणातील जुन्या गोष्टींत ही सुटका बहुतेक वेळा असतेच. चकवा माणसाला रात्रभर एकाच जागी फिरवतो, पण माणूस शांतपणे खाली बसून राहिला तर कोंबडा आरवताच वाट मोकळी होते. गिऱ्हा पाण्यात ओढतो, पण आमच्या आजीच्या गोष्टीत त्याची शेंडी हाती लागली, की तोच मुकाट्याने घरची कामे करू लागतो. देवचार तर भूत म्हणण्यासारखा नाहीच. तो गावाच्या वेशीवर राखण करणारा, हातात काठी घेऊन फिरणारा आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवणारा आहे. आजी त्याच्याविषयी सांगताना आवाज खाली आणत असे, पण शेवटी नेहमी म्हणे, “तो आपलो राखणदार, तो कोणाक कायव करुचो नाय.” लहान मुलांच्या फेरीत पहिली गोष्ट देवचाराची असावी आणि शेवटचीही त्याचीच असावी, असे माझे मत आहे. म्हणजे परतीच्या वाटेवर मुलांना मागे कोणीतरी आहे असे वाटले, तरी ते सोबतीला आहे असे वाटते.

याउलट हडळ, जखीण, अलवंतीण यांच्या गोष्टी मी फेरीत सांगत नाही. बाळंतपणात किंवा छळाने मेलेल्या बायकांची दुःखे त्यांच्यामागे आहेत आणि ती समजण्याचे वय वेगळे असते. मुंजाची गोष्ट दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना सांगावी, कारण मुंज झाल्यावर सोडमुंजीआधीच गेलेला तो मुलगा ऐकणाऱ्यांच्याच वयाचा असतो. गावातील एखाद्या घराचे नाव घेऊन, ओळखीच्या मृत व्यक्तीचे नाव घेऊन किंवा अमुक बाई चेटूक करते असे सुचवून कोणतीही गोष्ट कधीही सांगू नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा छळाची सुरुवात पुष्कळदा ओटीवरच्या कुजबुजीतून होते. ज्या दुर्घटनेची आठवण अजून घराघरांत आहे तिचेही भूत करू नये. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या समुद्राकडे बोट दाखवून मुलांना ही हकिकत जरूर सांगावी, परंतु ती इतिहास म्हणून, हळू आवाजात सांगावी.

वाट आणि वेळ

फेरीची वाट एक ते दीड किलोमीटरपेक्षा लांब नसावी आणि थांबे पाचापेक्षा जास्त नसावेत. आमची वाट घराच्या खळ्यातून म्हणजे अंगणातून निघते, दोन्ही बाजूंनी गडगे म्हणजे रचलेल्या दगडांचे बांध असलेल्या पाणंदीतून पिंपळाच्या पारापर्यंत जाते, तिथून तिठ्यावर, मग व्हाळावरच्या म्हणजे ओढ्यावरच्या साकवापाशी, त्या छोट्या पुलापाशी, आणि शेवटी मळ्यातून परत घरी येते. सगळे मिळून सव्वा तास लागतो. वाट ठरल्यावर ती आदल्या दिवशी उजेडात मुलांसह एकदा चालून पाहावी. यामुळे गोष्टीची गंमत जाईल असे काहींना वाटते, पण माझा अनुभव उलटा आहे. दुपारी ज्या दगडावर बसून करवंदे खाल्ली, तोच दगड रात्री निराळा दिसतो, हे पाहण्यात मुलांना सर्वांत जास्त नवल वाटते.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने निघावे आणि नऊच्या आत घरी परतावे. मध्यरात्रीचा हट्ट मोठी मुले करतात, तो मानू नये, कारण दमलेल्या मुलाची भीती पटकन रडण्यावर जाते. किल्ल्यावर रात्री जाण्याचा बेत करू नये. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील किल्ल्यांत सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो आणि सिंधुदुर्गासारख्या पाण्यातील किल्ल्याच्या होड्याही संध्याकाळी थांबतात. किल्ला दिवसा पाहावा आणि त्याची गोष्ट रात्री किनाऱ्यावरच्या घरात सांगावी. देवराईत किंवा राखणदाराच्या जागेपाशी जायचे असेल, तर गावकर-मानकऱ्यांना आधी विचारावे, चपला बाहेर काढाव्यात आणि तिथे गोष्टही सांगू नये, कारण गावासाठी ती श्रद्धेची जागा असते.

समुद्र, खाडी आणि नदी यांच्या जवळची वाट असेल, तर भरतीची वेळ पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. भुताच्या गोष्टींना अमावास्येची रात्र प्रिय असते, पण अमावास्या आणि पौर्णिमा याच उधाणाच्या भरतीच्या तिथी आहेत. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरलेले असते. दिवसातून दोनदा भरती येत असल्याने हीच वेळ पहाटे आणि दुपारी किंवा सकाळी आणि संध्याकाळी अशी दोन्हीकडे धरावी. हिशेब अंदाजाचा आहे, म्हणून स्थानिक माणसाला विचारून तो पडताळून घ्यावा. गिऱ्हाची गोष्ट मुळात का जन्मली असेल, हेही यातून मुलांना समजते. संध्याकाळी गुडघाभर असलेली खाडी ओलांडून गेलेला माणूस रात्री परत येताना त्याच जागी छातीभर पाण्यात सापडतो आणि पाय कोणीतरी ओढत असल्यासारखे त्याला वाटते. मी ही गोष्ट साकवापासून दहा पावले अलीकडे थांबून सांगते, आणि पाण्याच्या काठावर एक मोठा माणूस उभा असल्याशिवाय तिची सुरुवात करत नाही.

सोबत काय आणि कोण

दर तीन मुलांमागे एक मोठे माणूस असावे. एकाने पुढे चालावे, एकाने सर्वांत शेवटी, आणि शेवटच्या माणसाने मुले सतत मोजत राहावीत. पाच वर्षांखालील मुलांना ओटीवरच गोष्ट सांगावी. खरे आणि मानलेले यांतला फरक त्या वयात पुरता पक्का झालेला नसतो.

पायांत बंद बूट आणि अंगात पूर्ण पँट हवीच. कोकणच्या कातळावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसे असते आणि मण्यार रात्रीच फिरते. म्हणून गडग्याला हात लावत चालू नये, पाचोळ्यात पाय घालू नये आणि पाऊल टाकण्यापूर्वी तिथे उजेड पडलेला असावा. दुर्दैवाने साप चावलाच, तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नये. मुलाला चालू न देता उचलून 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ रुग्णालयात न्यावे. सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस उपलब्ध आहे, हे फेरीच्या दिवशी दुपारीच विचारून ठेवावे. दोडामार्ग परिसरात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमुळे पसरतो, त्यामुळे त्या बाजूला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात मुलांना जंगलाच्या वाटेने नेऊ नये.

विजेऱ्यांवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बांधावा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक तिरीप ती मेहनत घालवते, लाल उजेडाने मात्र फारसे नुकसान होत नाही. पुढच्या आणि मागच्या मोठ्या माणसाकडे पांढरी, जोरदार विजेरी असावी आणि वाट खडबडीत असेल तिथे तीच वापरावी. मोबाइलचे पडदे बंद ठेवावेत. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःची विजेरी द्यावी, कारण उजेड आपल्या मुठीत आहे हे कळले, की मूल ती विझवून पाहण्याचे धाडस आपण होऊन करते.

अंधारात उभे राहून

प्रत्येक थांब्यावर मी एकच क्रम ठेवते. आधी दोन मिनिटे कोणीही बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. मग गोष्ट, आणि मग मुलांचे प्रश्न. बिनवाऱ्याच्या रात्रीही पिंपळ सळसळतो, कारण त्याच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक असतो आणि आपल्याला न जाणवणाऱ्या झुळकेनेही ते पान हलते. पडक्या घरातून येणारी किंकाळी गव्हाणी घुबडाची असू शकते. त्याचा चेहरा पांढरा असतो आणि पंखांचा आवाज होत नाही, त्यामुळे एखाद्याने त्याला पांढरे वस्त्र पांघरलेले कोणी समजले असेल, तर नवल नाही. विजेरी डोळ्यांच्या रेषेत धरून गवताकडे पाहिले, की त्यातल्या कोळी किड्यांचे डोळे दवासारखे चमकतात. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे भेटतात. हिवाळ्यात किनाऱ्यावर फिक्या रंगाचे खेकडे वाळूवरून इतके झरझर धावतात, की वाळूच सरकल्याचा भास होतो, आणि काही रात्री लाटा निळ्या उजळतात. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव पाणी हलले की प्रकाश देतात, म्हणून ओल्या वाळूवर पाय आपटला तरी कधीकधी ठिणग्या उडाल्यासारखे दिसते.

मात्र हे सारे गोष्टीच्या आधी सांगू नये आणि गोष्ट खोडून काढण्यासाठीही सांगू नये. मुलाने विचारले की सांगावे, आणि त्याने स्वतःच शोधून काढले तर फारच उत्तम. चकव्यासाठी मी आदल्या संध्याकाळी खळ्यात एक खेळ घेते. मुलांचे डोळे बांधून त्यांना समोरच्या तुळशीकडे सरळ चालायला सांगते आणि प्रत्येक जण कुठे वळला ते खडूने आखते. खूण दिसत नसेल, तर माणूस सरळ चालल्याच्या समजुतीत गोल फिरतो, हे शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतही दिसले आहे. दुसऱ्या रात्री तिठ्यावर चकव्याची गोष्ट ऐकताना मुलांना त्या खडूच्या वाकड्या रेषा आठवतात आणि तरीही अंगावर काटा येतो. दोन्ही एका वेळी होऊ शकते, हीच मला या फेरीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

“भूत खरेच असते का?” हा प्रश्न येणारच. त्याला मी टाळाटाळ करत नाही. “मी कधी पाहिलेले नाही आणि मला ते असते असे वाटत नाही, पण गोष्ट मात्र खरी आहे, कारण ती आपल्या पणजीने आजीला सांगितली होती,” असे उत्तर देते. आजीचे मत वेगळे असेल, तर तिने ते मुलांना मोकळेपणी सांगावे, आणि कोणीही कोणाला गप्प करू नये.

एका वर्षी घरातील एका मोठ्या माणसाने आम्हाला न सांगता चादर पांघरून फणसामागे लपून मुलांवर झडप घातली. मोठी मुले हसली, पण सहा वर्षांची मुलगी नंतर चार रात्री पडवीच्या पायऱ्यांवरूनही उतरली नाही. तेव्हापासून फेरीत कोणीही लपायचे नाही, कोणी कोणाला धरायचे नाही, आणि कोणत्याही मुलाने “चला घरी” म्हटले की कारण न विचारता एका मोठ्या माणसाने त्याच्यासह मागे फिरायचे, असे नियम निघण्यापूर्वी मोठ्याने सांगितले जातात. भित्रा म्हणून कोणाची थट्टा करायची नाही, हा नियम मोठ्यांसाठीही आहे.

शहरात राहणाऱ्यांना वाडीची वाट मिळणार नाही, तेव्हा रत्नागिरीत संध्याकाळी थिबा राजवाड्याच्या परिसरात चालत जावे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1886 मध्ये इथे कैदी म्हणून आला, त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा 1910 मध्ये पुरा झाला आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षे परक्या समुद्राकडे पाहत राहिलेल्या माणसाची ही हकिकत भुताशिवायही मुलांना गप्प करते. दिवसा हिंडायचे असेल, तर वेंगुर्ला तालुक्यातील आरवलीला वेतोबाच्या देवळात जावे. वेतोबा रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भाविक त्याला प्रचंड चपला वाहतात. त्या आकाराशी आपला पाय मनातल्या मनात ताडून पाहिलेली मुले रात्री देवचाराची गोष्ट वेगळ्याच लक्षाने ऐकतात.

परत आल्यावर हातपाय धुऊन सर्वांना एकत्र गरम घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ द्यावी आणि लगेच झोपायला पाठवू नये. जेवताना मुले आपापली गोष्ट सांगू लागतात. त्यांनी काय वाढवले, काय गाळले ते लक्ष देऊन ऐकावे, कारण कोणाला कशाची भीती बसली आहे हे तिथेच कळते. ज्याने एकही शब्द काढला नाही, त्या मुलाचे अंथरूण त्या रात्री आपल्याजवळ घालावे. सकाळी त्याला घेऊन त्याच वाटेने पुन्हा जावे आणि या खेपेला त्याला पुढे चालू द्यावे.