बंबात काय जाळायचं न् काय नाही: पऱ्हाट्या, तुराट्या, करवंट्या आणि काजूची टरफलं

मंडळी, आपल्याकडं अख्खं घर तापवायची काही पद्धत नाही, पण थंडी पडली की पहाटेचा बंब आणि संध्याकाळची शेकोटी याला जळण लागतंच, आणि गॅसवर सगळ्या घराच्या अंघोळीचं पाणी तापवायचं म्हणजे सिलिंडर किती दिवस पुरतो ते तुम्हाला माहितीच आहे. डिसेंबर-जानेवारीत जळण शेतातच उभं असतं, ते कसं वापरायचं तेवढं बघा.

आधी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचं सांगतो, कारण घोळ तिथंच होतो. जळण म्हणून पऱ्हाटी चांगलीच, वाळली की कडक होते आणि निखाराही धरते. पण वेचणी संपल्यावर झाडावर जी किडकी, अर्धवट उघडलेली बोंडं राहतात ना, त्यात गुलाबी बोंडअळी झोप काढत बसलेली असते, आणि आपण ढीग गोठ्यामागं किंवा बांधावर रचून ठेवतो, तो जूनपर्यंत तसाच, मग पाऊस पडला की त्यातून पतंग निघतात आणि नव्या कपाशीवर जातात. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीनं काय हाल केले ते कुणी विसरलं नसेल. म्हणून फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं ठेवून परत पीक, घेऊ नका, वेचणी संपली की पऱ्हाटी चिमट्यानं मुळासकट उपटा, उरलेली बोंडं तिथंच तोडून गोळा करून नष्ट करा, मुळाची माती झटका आणि मगच मोळ्या बांधा. घरी तेवढीच न्या जेवढी उन्हाळा संपायच्या आत जळेल. बाकीची श्रेडरनं बारीक करून खताला घाला, पुढच्या वर्षीसाठी साठवायची तर अजिबात नाही.

तुराट्यांना, म्हणजे तुरीच्या काड्यांना, ही भानगड नाही. हलक्या असतात, पटकन पेटतात, धूर कमी, बंब पेटवायला यासारखं दुसरं काही नाही, फक्त झरकन जळून जातात म्हणून वर काहीतरी टणक टाकावं लागतं. ढीग जमिनीवर न रचता खाली दगड किंवा दोन आडवी लाकडं ठेवून रचा, म्हणजे उधई (वाळवी) लागत नाही, आणि काढताना आधी काठीनं हलवा, थंडीत विंचू-साप ऊब शोधत तिथंच येतात. ढीग घराला, कडब्याच्या गंजीला चिकटून नको आणि विजेच्या तारेखाली तर नकोच.

भुईमुगाची टरफलं म्हणाल तर शंभर किलो शेंगा फोडल्या की पंचवीस-तीस किलो टरफल निघतं, जळतंही चांगलं. पण एकदम पाटीभर ओतलं की बंबाची जाळी बुजते, हवा बंद आणि नुसता धूर. मूठ-मूठ टाका. ओलं राहून बुरशी आलेलं टरफल हाताळताना तोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. भाताच्या तुसाचंही तसंच, वर त्याची राख फार पडते, वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा राखच, त्यामुळं जाळी सारखी साफ करावी लागते. माझं विचाराल तर टरफल आणि तूस कोंबड्यांच्या खाली किंवा झाडाच्या आळ्यात आच्छादनाला जास्त कामाचं. सोयाबीनचं कुटार तर जाळूच नका राव, जनावरं खातात ते!

कोकणातल्या लोकांना करवंटीचं सांगायला नको. दोन-चार करवंट्यांवर बंब उकळतो इतकी धग असते, पण म्हणूनच बंबात पाणी भरल्याशिवाय जाळ करू नका, रिकामा तापला की सांध्याचा डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो. सोडणं, म्हणजे नारळाच्या वरच्या साली, मात्र पूर्ण वाळलेलीच घाला, ओली असतील तर धुरानं डोळे जातील.

आणि काजूची टरफलं घरात जाळायची नाहीत, फुकट मिळाली तरी नाही. त्यात पाव हिस्सा तरी तेल असतं, तेच तेल जे अंगाला लागलं की फोड येतात, त्याचा धूरही डोळ्याला, घशाला, कातडीला तसाच झोंबतो. कारखान्याच्या भट्टीची गोष्ट वेगळी, तिथं उंच धुराडं असतं, आपला बंब अंगणात आणि पोरं त्याच्याभोवती बसलेली.

शेकोटी असो की शेगडी, बंद खोलीत नको. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. जागल्याच्या खोपीत, पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून शेगडी ठेवतात आणि बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरात आहे, तिथं खिडकी उघडी पाहिजेच आणि शेक झाला की शेगडी बाहेर. आजीबाई रागावल्या तरी.

राख फेकू नका, पऱ्हाटी-तुराटीच्या राखेत पालाश (पोटॅश) असतं, परसातल्या भाजीला थोडी-थोडी टाकता येते. युरियात मिसळू नका, नत्र उडून जातं. चोपण जमिनीत घालू नका, तिथं सामू (पीएच) आधीच जास्त. आणि रात्रीची राख लगेच उकिरड्यावर ओतू नका, आत निखारा राहिला तर पहाटेपर्यंत उकिरडा पेटतो, आधी पाणी मारा.