टिल की बाय? ‘पर्यंत’च्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ ऑफिसच्या मेलमध्ये हे वाक्य सर्रास दिसतं. आपल्याला ते खटकत नाही, कारण मनात ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ असंच असतं. पण इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, शुक्रवार येईपर्यंत हे महाशय रिपोर्ट पाठवतच राहणार!

आपला ‘पर्यंत’ दोन्हीकडे चालतो, इंग्रजीत मात्र वाटण्या झाल्या आहेत. एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल (किंवा अनटिल, अर्थ तोच). त्या वेळेच्या आत कधीतरी एकदा उरकायची असेल तर बाय. शंका आली की क्रियापद बघा. थांबणं, राहणं, दुकान उघडं असणं ही लांबत जाणारी कामं, त्यांना टिल. पाठवणं, पोचणं, पैसे भरणं यांना बाय. म्हणून कूपन ‘व्हॅलिड टिल ३१ मार्च’ असतं, पण बिल भरायचं ते ‘बाय ३१ मार्च’.

नकार आला की लोक पुन्हा गोंधळतात. ‘द रिपोर्ट वोन्ट बी रेडी टिल फ्रायडे’ हे अगदी बरोबर आहे. तयार नसण्याची अवस्था शुक्रवारपर्यंत टिकणार, म्हणून टिल.

सगळ्यात हट्टी चूक वेगळीच आहे: ‘डोन्ट लीव्ह अनटिल आय डोन्ट कॉल.’ ‘मी फोन करत नाही तोपर्यंत निघू नकोस’ यातला ‘नाही’ आपण इमानदारीने इंग्रजीत नेतो. तिथे त्याची गरज नसते. ‘डोन्ट लीव्ह अनटिल आय कॉल’ एवढंच पुरे. इंग्रजी माध्यमात शिकलेलेही इथे घसरतात, त्यामुळे फार लाजू नका.

जागा आणि रक्कम यांना टिल नको. स्टेशनपर्यंत चाललात तर ‘ॲज फार ॲज द स्टेशन’, पाचशे रुपयांपर्यंत सूट असेल तर ‘अप टू’.

स्पेलिंगचं म्हणाल तर टिलमध्ये दोन एल, अनटिलमध्ये एकच. टिल हे अनटिलचं लघुरूप आहे असं समजून त्याच्या आधी उगाच अपॉस्ट्रॉफीचं (’) चिन्ह देऊ नका. टिल हाच दोघांत जुना. आणि आपल्या ऑफिसांचं लाडकं ‘टिल डेट’ भारतात खपतं, पण परदेशी क्लायंटला लिहिताना ‘टू डेट’ लिहा.