धरणावर नव्याने रुजू होताय? पाझर घटला म्हणून निश्चिंत होऊ नका

काँक्रीटच्या गुरुत्व धरणावर, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी अडवणाऱ्या धरणावर, पहिली नेमणूक झाली की बहुधा हातात पडते ती गॅलरीतली (धरणाच्या पोटातल्या बोगद्यातली) पाझराची नोंदवही. काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून अनेक जण ते उरकून टाकतात. घात तिथेच होतो.

पाझर वर्षागणिक कमी दिसला की ‘स्थिती समाधानकारक’ असा शेरा मारून मोकळे होऊ नका. जलाशयाची पातळी तीच असताना पायातल्या ड्रेन होलचं (पाण्याचा दाब उतरवायला पाडलेल्या भोकांचं) पाणी आटतंय, म्हणजे ती भोकं चुन्याने बुजत चालली असण्याची दाट शक्यता आहे. काँक्रीट आणि ग्राऊटमधला (भेगांत भरलेल्या सिमेंटमधला) चुना पाण्याबरोबर येतो, हवा लागली की पांढरा थर धरतो. पाणी यायचं थांबलं, पण दाब थांबत नाही. तो पायाखालून धरण उचलायला बघतो.

हे गणित एकदा हाताने करा. सॉफ्टवेअर नंतर. जो वरिष्ठ आधी सॉफ्टवेअर उघडायला सांगतो, त्याच्याकडून हा विषय शिकू नये असं माझं ठाम मत आहे. समजा, जलाशयाच्या बाजूला ६० मीटर पाणी, खालच्या अंगाला ६ मीटर, पायाची रुंदी ४८ मीटर आणि ड्रेनची रांग पायाच्या जलाशयाकडच्या टोकापासून ६ मीटरवर. ड्रेन चालू असतील तर आयएस ६५१२ प्रमाणे (गुरुत्व धरणांच्या आराखड्याचं भारतीय मानक) त्या रांगेवर २४ मीटर पाण्याचा दाब धरायचा. धरणाच्या मीटरभर लांबीला उत्थापन, म्हणजे पायाखालून वर उचलणारा जोर, येतो ८८२ टन. ड्रेन बंद धरले की १५८४. त्रिकोणी छेदाचं वजन ढोबळमानाने ३४५० टन. म्हणजे घसरण रोखणारं निव्वळ वजन सुमारे २५७० वरून १८७० टनांवर आलं, आणि पाण्याचा १८०० टनांचा आडवा रेटा मात्र होता तेवढाच.

घाबरू नका. ड्रेन बंद पडल्याची भारस्थिती मानकात धरलेली आहे आणि भोकं पुन्हा ड्रिल करून मोकळी करता येतात. फक्त वेळेत कळलं पाहिजे. प्रत्येक भोकाचं पाणी वेगळं मोजा, वजन बांधलेली टेप सोडून खोली तपासा, त्याच दिवशी पीझोमीटर (पायातल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) वाचा. आलेख तारखेऐवजी जलाशयाच्या पातळीसमोर काढा. पाझर घटला आणि पीझोमीटर चढला, तर त्याच दिवशी लेखी कळवा. व्ही-नॉचची (पाझर मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेची) पट्टी खाचेच्या कडेवर वाचू नका, तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. नव्वद अंशांच्या नॉचवर पाण्याच्या ५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला ०.७७ लिटर, ६ ला १.२२. एका सेंटिमीटरची चूक एवढी महागात पडते.

गॅलरीबाहेरही फिरा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेला मोठे तडे पडले ते खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीवर. पुढे तिथे आधारभिंती बांधून धरण बळकट केलं.

पुराबद्दल थोडक्यात. वीज म्हणते जलाशय भरा, पूर म्हणतो रिकामा ठेवा. कोयनेत तर पोफळीच्या वीजगृहाचं पाणी पश्चिमेला वाशिष्ठीत जातं. सांडव्याच्या सहा दरवाज्यांतून सुटलेलं कराडला कृष्णेत. दोन्हींची बेरीज करून नदीतला ‘विसर्ग’ सांगू नका. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) दिवसभर चाललं की एक टीएमसी (अब्ज घनफूट), एवढं पाठ ठेवा. आवक ५०,००० क्युसेक आणि जलाशयातून बाहेर जाणारं एकूण पाणी २०,००० असेल तर दिवसाला २.६ टीएमसी भर पडते. ५ टीएमसी जागा दोन दिवसही पुरत नाही, म्हणून दरवाजे वाढवायचा प्रस्ताव पहिल्याच सकाळी वर पाठवा.